मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप टेपवर अडखळत जातोय

मंडळी, आमच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस आहे, डेटाबेस दीडेक टीबीचा, रात्री बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) काढून, टार करून म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधून, थेट एलटीओ-६ (बॅकअपच्या चुंबकीय टेपची सहावी पिढी) टेपवर टाकतो. आता ड्राइव्हला सेकंदाला १६० एमबी झेपतं पण डेटाबेसकडून तेवढा डेटा सलग येतच नाही, मग ड्राइव्ह थांबतो, टेप थोडी मागे घेतो, परत सुरू, रात्रभर हेच, टेप झिजणार हे नक्की. आधी डिस्कवर उतरवून मग टेपवर न्यायचं की मधे एमबफर (डेटा मेमरीत साठवून सलग पुढे देणारा प्रोग्रॅम) लावलं तरी भागेल? डिस्कवाला मार्गच बरा वाटतोय मला, पण जागा लागणार. शिवाय साहेब एलटीओ-८ ड्राइव्ह घेऊ म्हणतायत, तो एलटीओ-६ टेप वाचतच नाही, मग जुन्या टेपांचं काय करता तुम्ही? ज्यांनी टेपवरून खरंच रिस्टोर केलंय त्यांनी सांगा प्लीज.