दाढीच्या साबणाला दोन हजार कशाला मोजायचे?

खांडेपारकर
काल पर्वरीच्या एका सद्गृहस्थांनी इथे लिहिलं की हजाराच्या खालचा दाढीचा साबण म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याशी वैर, आणि ट्यूब वापरणाऱ्यांना फेस कशाशी खातात तेच ठाऊक नसतं. सोबत इंग्लंडहून मागवलेल्या, लाकडी वाडग्यातल्या साबणाचा फोटो, किंमत दोन हजारांच्या वर. रात्रीच उत्तर देणार होतो, पण म्हटलं राग ओसरू दे. सकाळीही ओसरला नाही, म्हणून लिहितो.

दाढीच्या साबणाची कामं दोनच. केसात पाणी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरण द्यायची. त्यासाठी मुख्य लागतं ते स्टिअरिक आम्ल (तेला-तुपातलं एक आम्ल), पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि थोडं ग्लिसरीन. शंभराच्या आतली कुठलीही देशी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक सगळं तिथे सापडेल. वरचे एकोणीसशे रुपये जातात सुवासाला, वाडग्याला आणि वाहतुकीला.

फेस होत नाही तो घाईने. ब्रश भिजवून झटका, वडीवर अर्धा मिनिट फिरवा, दाट लेप ब्रशच्या टोकाशी येऊ द्या. मग बोटाने थेंब थेंब पाणी घालत वाटीत घोळवा. आधी मोठाले बुडबुडे दिसतात, ते मोडून मोडून बारीक होतात आणि शेवटी फेसावर चकाकी येते. त्या चकाकीपर्यंत थांबायचं. बहुतेक लोक बुडबुडे दिसले की गालाला फासतात, आणि एका गालावरून पातं फिरेपर्यंत दुसऱ्यावरचा फेस बसलेला असतो. दोन हजारांची वडीसुद्धा अशीच बसेल.

पर्वरीचा वस्तरा
तो सद्गृहस्थ मी. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुम्ही घटक वाचलेत, प्रमाण वाचलं नाही. ट्यूबमध्ये सहसा पहिलं नाव पाण्याचं असतं. कडक वडीत पाणी फार थोडं असतं. शंभर ग्रॅमची वडी, दाढीला एक ग्रॅम धरा, शंभर दाढ्या झाल्या. दोन हजारांचे रोजचे वीस रुपये. पणजीत चहा आणि पाव-भाजीला याहून जास्त जातात, तिथे कोणी असा हिशेब मागत नाही.

आणि माझी मान तुम्ही पाहिलेली नाही. डब्यातला तयार फेस आणि पाच पात्यांचं रेझर वापरायचो तेव्हा गळ्याखाली कायम लाल पुळ्या, केस आत वळलेले, शर्टाची कॉलर लावणं नको व्हायचं. साबण-ब्रशवर आलो, एका पात्याच्या रेझरवर आलो, आणि मान निवळली. ज्याची कातडी जाड आहे त्याने दुसऱ्याला काटकसर शिकवू नये.

नाभिकपुत्र, डिचोली
पर्वरीकर, तुमची मान साबणाने निवळली की पातं बदलल्याने? दोन्ही एकदम बदललंत आणि श्रेय वाडग्याला दिलंत. पाच पाती एकामागून एक त्याच जागेवरून जातात. केस कातडीच्या खाली कापला जातो आणि वाढताना आत वळतो. कुरळ्या केसांच्या गिऱ्हाइकांना माझे वडील उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा, कधीच मारत नसत, कितीही मागे लागले तरी.

वडिलांचं दुकान बाजारात होतं. थर्मासमध्ये गरम पाणी, पितळी वाटी, साधी वडी, अर्धं मोडलेलं पातं आणि शेवटी तुरटी. गिऱ्हाईक बसलं की आधी गरम फडका गालावर, मग फेस, आणि मग मुद्दाम गप्पा. त्या गप्पांत दोन-तीन मिनिटं जायची आणि तेवढ्यात केस पाणी पिऊन मऊ व्हायचा. लोकांना वाटायचं हा माणूस बोलका आहे. मग दुसऱ्यांदा फेस आणि मग वस्तरा. घरी कोण एवढं थांबतं? साबणाला दोन हजार देणारा माणूस दुकानात आला की दहा रुपयांवरून घासाघीस करतो, हेही मी पाहिलेलं आहे. हाताच्या कसबाला पैसे द्यायला कोणी तयार नसतं, डबीला सगळे देतात.

पर्वरीचा वस्तरा
मी कधी घासाघीस केलेली नाही. मला ओळखत नसताना असं लिहू नका.

पात्याचा मुद्दा घ्या, अर्धा तुमचा.

साष्टीची विहीर
खांडेपारला बसून फेसाचे धडे देणं सोपं आहे हो. ओपाच्या पाणीपुरवठा केंद्राचं, नदीचं पाणी तुमच्या दाराशी. आमच्याकडे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर आहे. श्रावणात तिचं पाणी गोड, कुठलाही साबण लावा, वाटी भरून फेस. एप्रिल उजाडला की चव बदलते, मे महिन्यात चहासुद्धा करवत नाही. त्या पाण्यात तुमचे थेंब थेंब आणि चकाकी काही चालत नाही. वडी घासली की ब्रशवर पांढरं दहीसारखं काही तरी बसतं आणि गालावर कोरडं पडतं. ट्यूबचं तेच, आणि एका पाहुण्याने आणलेल्या इटालियन साबणाचंही तेच.

विहीर माझ्या आजोबांच्या वेळी खारी होत नसे. आता आजूबाजूला खोल बोअर मारून दिवसरात्र उपसा चालतो, पोहण्याचे तलाव भरतात, हिरवळीवर फवारे उडतात. आम्ही टँकरची वाट बघतो. साबणाची किंमत कसली काढता!

केमिस्ट्रीबाई
साष्टीकर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर साबणाचा न विरघळणारा साका होतो, त्याला आपण जड पाणी म्हणतो. गोव्यात जांभ्या दगडातल्या साध्या विहिरींचं पाणी सहसा जड नसतं, उलट मृदू आणि जरासं आम्लधर्मी असतं. म्हणून आपल्याकडे बहुतेकांना फेस सहज मिळतो आणि श्रेय साबणाला जातं. तुमच्या विहिरीत मात्र समुद्राचं पाणी येतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच, शिवाय मीठ जास्त झालं की साबण पाण्यात विरघळायलाच तयार नसतो. कारखान्यात साबण वेगळा काढायला मुद्दाम मीठ घालतात, तेच तुमच्या वाटीत होतं.

समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खाली खाऱ्याची हद्द सुमारे चाळीस फूट वर येते. म्हणजे थोडा जास्त उपसा झाला तरी विहीर बिघडते, आणि एकदा बिघडली की सुधारायला काही पावसाळे लागू शकतात.

सत्तरीकर
पाण्याचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जा. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पांवरून पाणी तिकडे वळलं की उन्हाळ्यात इथे काय उरणार? खांडेपारकर ओपाचं पाणी आपल्याच नदीचं समजतात. उन्हाळ्यात गांजे इथून म्हादईचं पाणी उपसून ओपाकडे न्यावं लागतं, तेव्हा फोंडा आणि तिसवाडीचे नळ चालतात. तुमच्या वाटीतला फेस आमच्या सत्तरीतून येतो.

खांडेपारकर
धागा दाढीचा आहे. म्हादईवर वेगळा काढा, मी पहिला उत्तर द्यायला येईन.

सत्तरीकर
हेच चालतं नेहमी. म्हादई म्हटलं की "वेगळा धागा काढा". साबणाच्या वासावर पानभर लिहायला वेळ आहे.

साष्टीची विहीर
सत्तरीकर, म्हादई वाचली तरी आमच्या विहिरीत गोडं पाणी येणार नाही. पाणी अडवणारा दर वेळी राज्याबाहेरचा नसतो. आमचं पाणी आमच्याच शेजारी उपसलं जातंय आणि त्यावर इथे कोणी मोर्चा काढत नाही.

सत्तरीकर
म्हणजे नदी गेली तरी चालेल, तुमची विहीर सुटली की झालं? साष्टीच्या नळाला पाणी साळावली धरणातून येतं, तेही डोंगराकडचंच. किनाऱ्याच्या लोकांनी आमच्या भागाचा विचार कधी केला?

साष्टीची विहीर
विचार केला नाही असं म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? म्हादईसाठीच्या पणजीच्या सभेला आम्हीही होतो.

केमिस्ट्रीबाई
दोघेही थांबा जरा. साष्टीकरांच्या वाटीपुरतं उत्तर माझ्याकडे आहे. खाऱ्या पाण्यात फेस देणारा साबण असतो, आणि तो आपल्या माडांचा. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाचा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो. बोटीवर खलाशांसाठी पूर्वी असाच साबण असे.

साष्टीची विहीर
हे मात्र खरं. माझे वडील तारवटी होते. बोटीवरून आणलेल्या वड्यांची पेटी घरात होती, मे महिन्यात आई कपड्यांना त्याच काढायची. आम्हाला वाटायचं परदेशी आहे म्हणून चांगला. त्यांनी पोर्तुगीज दाढीचा साबणही आणलेला, चिनीमातीच्या भांड्यात, वास सबंध माजघरात. पण तो ते पावसाळ्यातच काढायचे.

पर्वरीचा वस्तरा
खोबरेलाच्या साबणाने दाढी? फेस फुलतो तसाच बसतो आणि कातडी ताणल्यासारखी होते. बाई, रसायनशास्त्र ठीक आहे, पण रोज गालाला लावून बघा म्हणावं.

केमिस्ट्रीबाई
गालाला मी लावत नाही, नवरा लावतो, आणि तक्रार असती तर तुमच्याआधी माझ्या कानावर आली असती.

नुसतं खोबरेल कोरडं करतं, मान्य. ते पाचव्या भागाहून जास्त घेऊ नये. बाकी स्टिअरिक हवं, आणि ते आपल्या परसात आहे. भिरंडेल. कोकमाच्या बियांच्या या तुपात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं. टाचांच्या भेगांना लावून आपण ते संपवतो. बाहेरच्या महागड्या साबणांपैकी काहींमध्ये हेच काम टॅलो करतं, म्हणजे गुरांची चरबी. वेष्टनावर सोडियम टॅलोएट असं लिहिलेलं असतं.

पर्वरीचा वस्तरा
माझ्या वाडग्यावर टॅलो नाही, मी बघूनच घेतो. घरी देवाचं करतो आम्ही. हा मुद्दा माझ्या नावावर खपवू नका.

केमिस्ट्रीबाई
तुमचं नाव घेतलेलं नाही. ज्यांना चालतं त्यांनी वापरावं, फक्त वाचून वापरावं.

खांडेपारकर
म्हणजे हिशेब कुठे आला? पाणी मृदू असेल तर स्वस्तातला साबण पुरतो, पाणी खारं असेल तर दोन हजारांचाही हरतो. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

पर्वरीचा वस्तरा
तुम्ही पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते साष्टीकरांनी आणलं. तुम्ही लिहिलं होतं की सुवासाचे पैसे फुकट जातात, आणि ते मी मानत नाही. दिवसभर बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकतो. सकाळची दहा मिनिटं माझी असतात, दार लावलेलं, लव्हेंडरचा वास. फेस स्वस्त साबणाचाही येतो, ठीक आहे, येत असेल. पण मला त्या वासाने बरं वाटतं आणि त्यासाठी मी पुढेही पैसे देणार.

नाभिकपुत्र, डिचोली
द्या की. फक्त ती वडी पावसाळ्यात न्हाणीघरात झाकण लावून ठेवू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीच सुकत नाही. बंद वाडग्यात वडी गिळगिळीत होते, ब्रशच्या मुळाशी बुरशी धरते आणि डुकराच्या केसांचा असेल तर वासही मारतो. वापरून झाल्यावर धुवा, झटका, पंचावर दाबून पुसा आणि केस खाली करून वारा लागेल तिथे टांगा. वडीसुद्धा उघडी, चुलीच्या किंवा फ्रिजच्या बाजूला. पैसे वाढवायचेच असतील तर चांगल्या ब्रशवर वाढवा. कृत्रिम केसांचे आता चांगले येतात आणि लवकर सुकतात, आपल्या हवेला तेच बरे.

सत्तरीकर
भिरंडेल हवं असेल तर आमच्याकडे मिळेल. कोकमं रानातली, तीही त्या नदीच्याच काठची. एवढं लक्षात ठेवा.

साष्टीची विहीर
पाठवा. पैसे देतो, वाद नंतर घालू. बाई, कृती सांगा.

केमिस्ट्रीबाई
भिरंडेल निम्म्याहून जास्त, खोबरेल वर सांगितलं तेवढं, उरलेलं एरंडेल. पोटॅश मुख्य आणि कॉस्टिक सोडा थोडा. नुसता सोडा घेतला तर वडी दगडासारखी होते आणि ब्रशला साबण लागत नाही. कुठल्या तेलाला किती लागतं त्याचे तक्ते असतात, अंदाजाने करू नका. हातमोजे, चष्मा आणि स्टीलचं भांडं. अॅल्युमिनियम अजिबात नको. पोटॅश पाण्यात घालायचा, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. आणि पाणी नळाचं किंवा विकतचं घ्या, विहिरीचं नको. मंद आचेवर शिजवून झालं की ग्लिसरीन, मग साच्यात ओता आणि महिनाभर मुरू द्या. तरीही मे महिन्यातल्या तुमच्या पाण्यात याचा भरघोस फेस होणार नाही, स्टिअरिक तिथे हरतंच. त्या दिवसांत दाढीपुरतं तांब्याभर नळाचं पाणी बाजूला काढून ठेवा. दाढीला याहून जास्त लागत नाही.