मॅनेजर ते लीडर: खरं शिकलात कुठे? अनुभव लिहा

ट्रेनिंगला गेलं की ७०-२०-१० ची स्लाइड येतेच. म्हणजे माणूस ७० टक्के कामातून शिकतो, २० टक्के माणसांकडून, १० टक्के वर्गात. १९८० च्या दशकात सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपने यशस्वी अधिकाऱ्यांना "तुम्ही कशातून शिकलात" असं विचारलं होतं, त्यातून निघालेलं हे, म्हणजे आठवणींवर बेतलेलं, मोजमाप नव्हे. तर तुमचं काय? थिअरी नको, घडलेलं लिहा.

---
माझं टिकलं ते एएआर (आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू), म्हणजे काम झाल्यावर सगळ्यांनी बसून घ्यायचा आढावा, अमेरिकन सैन्यातून आलेली पद्धत. काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. वर्गात फार बाळबोध वाटलेलं. पण आमच्या डायरेक्टर मॅडमनी प्रत्येक डिलिव्हरीनंतर ते सुरू केलं आणि स्वतः सगळ्यात शेवटी बोलायच्या, त्यामुळे नवी पोरंही बिनधास्त बोलायला लागली. मी आता टीम चालवतो तेव्हा तेच करतो, गप्प बसणं भयंकर अवघड जातं हो.

---
दोरीवर लटकून टीमवर्क शिकलो. फोटो छान आले.

---
वरच्यांना +१ 😄
मी एचआरमध्ये. ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या १९५९ पासून आहेत: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच, फीडबॅक फॉर्म भरला की संपलं. आम्ही आता माणूस पाठवायच्या आधी त्याच्या बॉसकडून लिहून घेतो की परत आल्यावर याला कुठलं नवीन काम देणार. काही बॉस चिडले, "आधी शिकून तर येऊ दे" म्हणे. पण ज्यांच्यासाठी काम तयार होतं तेच बदललेले दिसले, बाकीच्यांची फाइल कपाटात.

---
मी फायनान्सची. आमच्याकडे अ‍ॅक्शन लर्निंग होतं, रेग रेव्हन्सचं, त्याने १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या मॅनेजरांना एकमेकांचे प्रश्न सोडवायला बसवलं होतं. आमच्या गटाला गोदामातल्या उशिराचा प्रश्न दिला, जो मला ओ की ठो कळत नव्हता, आणि नियम असा की सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. पहिल्या बैठकीत नुसती चिडचिड. पण काहीच माहीत नसल्यामुळे मी विचारलं की ही सही कशासाठी लागते, तर कुणालाच सांगता येईना! आता माझी टीम काही विचारायला आली की मी आधी "तुला काय वाटतं" म्हणते.

---
@फायनान्स ताई, ती सही शेवटी काढली का?