ओलितासाठी सौरपंप घ्यावा की वीजजोडणीची वाट पाहावी?

आर्वीचा कास्तकार (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वावर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात असून क्षेत्र साडेचार एकर आहे. खरिपात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, रब्बीत चना आणि थोडा गहू अशी आमची पीकपद्धती आहे. विहीर ४५ फूट खोल आहे. दिवाळीच्या सुमारास पाणी १५ फुटांवर असते आणि एप्रिलमध्ये ते ३८ फुटांपर्यंत खाली जाते. विहीर वावराच्या उतरत्या टोकाला असल्यामुळे वरच्या धुऱ्यापर्यंत पाणी न्यायचे झाल्यास आणखी २० फुटांचा चढ आहे. सध्या डिझेल इंजिनावर ओलीत होते आणि त्याचा खर्च चन्याच्या भावाला परवडत नाही.

वीजजोडणीसाठी डिमांड (जोडणीसाठी मागितलेली रक्कम) भरून बराच काळ झाला. कार्यालयात विचारणा केली असता, आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करावा, असे सांगण्यात आले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपी, असे पंपाचे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे मला ५ एचपीचा पंप मिळू शकतो. दुसरीकडे, साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात मोफत वीज देण्याची राज्य सरकारची योजना आहे, त्यामुळे जोडणी मिळालेल्या शेजाऱ्यांना बिलाची चिंता राहिलेली नाही.

सौरपंपावर तुषार संच नीट चालतो का, ढगाळ दिवसांत काय करावे लागते आणि हमीचा काळ संपल्यावर दुरुस्तीचा भार किती पडतो, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तसेच, जोडणी मागणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने सौरपंपाकडे वळवावे हे धोरण आपल्याला योग्य वाटते का, यावरही मत वाचायला आवडेल.

पंपजोडणी, पुलगाव

भाऊ, मी पंप बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे धोरणावर इतरांनी लिहावे, मी तुमच्या विहिरीबद्दल लिहितो. आधी हेड काढा, म्हणजे पंपाला चढ, दाब आणि घर्षण धरून पाणी एकूण किती उंचीइतके ढकलावे लागेल ते पाहा, एचपीचा विचार त्यानंतर करा. एप्रिलमधील पाण्याची पातळी ३८ फूट आणि वावराचा चढ २० फूट मिळून ५८ फूट, म्हणजे जवळपास १८ मीटर होतात. तुषार संचाच्या नोझलला अडीच किलो दाब लागतो असे धरले तर, एक किलोला सुमारे १० मीटर या हिशोबाने, त्याचे २५ मीटर झाले. पाईपमधील घर्षणाचे ५ ते ६ मीटर त्यात मिळवा. एकूण हेड ४९ मीटरच्या आसपास जाते. म्हणून ५० मीटर हेडचा पंप तुम्हाला काठावर पुरेल आणि ३० मीटर हेडचा पंप, त्यावर ५ एचपी लिहिलेले असले तरी, तुषार संच चालवू शकणार नाही. कागदावर एचपी सगळे पाहतात, हेड फार थोडे जण विचारतात, आणि सौरपंपाबद्दलच्या निम्म्या तक्रारी मला तिथूनच निघालेल्या दिसतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. विजेचा पंप चालला तर पूर्ण गतीने चालतो. सौरपंपाची गती मात्र उन्हासोबत कमी-जास्त होते. ऊन निम्मे झाले की मोटारीला निम्मीच शक्ती मिळते. पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे गती ८० टक्क्यांपर्यंत उतरते, आणि दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो ६३ टक्क्यांवर येतो. तुमच्या ५० मीटरचे ३१ ते ३२ मीटर होतात. त्यातले १८ मीटर पाणी वर चढवण्यातच जातात आणि काही पाईपच्या घर्षणात, म्हणजे नोझलपर्यंत जेमतेम एक किलो दाब उरतो. अशा वेळी नोझल नीट फिरत नाही आणि पाणी जवळच पडते. त्यामुळे सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत तुषार संच चालवावा आणि त्याच्या आधी-नंतर पऱ्हाटीच्या सऱ्यांमध्ये मोकळे पाणी सोडावे. ऊन थोडे कमी असेल तर काही नोझल बंद केल्याने उरलेल्यांवर दाब टिकतो. ठिबकला एक ते दीड किलो दाब पुरत असल्यामुळे त्याचे सौरपंपाशी अधिक चांगले जमते.

पाण्याचा हिशोबही सांगतो. ५ एचपीच्या पंपासोबत येणारी पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी २० युनिटच्या आसपास वीज देतात. मोटार, पंप आणि कंट्रोलर (पॅनेलची वीज मोटारीला जुळवून देणारे यंत्र) यांतील घट धरून त्यातली ४५ टक्के ऊर्जा पाण्याला मिळाली, तर ५० मीटर हेडवर दिवसाला ६० ते ६५ हजार लिटर पाणी निघते. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराला तीन दिवस आणि साडेचार एकरांच्या एका पाळीला दोन आठवडे. चन्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाणी देणाऱ्याला हे सहज जमते. सगळ्या क्षेत्रावर गहू घेतल्यास पहिले पाणी १८ ते २१ दिवसांनी द्यावे लागते, त्यामुळे पाळी बसते खरी, पण हातात सवड राहत नाही. आपल्या भागात काळ्या पाषाणातील विहिरींना झरे मंद असतात आणि मोठ्या पंपाने विहीर लवकर आटते. हळू उपसा करणारा पंप अशा विहिरीला मानवतो, हा फायदा मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

ढगांची भीती वाटते तेवढी बाळगू नका. जुलैमध्ये आभाळ भरलेले असते तेव्हा ओलिताची गरज सहसा नसते, आणि ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा बहुधा ऊनही असते. खरी काळजी देखभालीची घ्यावी लागते. पॅनेलवरची धूळ पहाटे काच थंड असताना साध्या पाण्याने धुवावी. अर्थिंग आणि वीजरोधक बसवले आहेत का, हे स्वतः पाहावे. सांगाड्याचे पाय काँक्रीटमध्ये पुरेसे खोल गेले आहेत का, हेही बसवण्याच्या दिवशी उभे राहून पाहावे, कारण मे महिन्यातील वावधनात (वादळात) सांगाडा उपटला गेलेला मी पाहिला आहे. योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पॅनेल त्यानंतरही बरीच वर्षे टिकतात, परंतु कंट्रोलर आणि पंप यांचा खर्च पुढे तुमच्यावर येईल, तेव्हा त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

धानपट्टा, ब्रह्मपुरी

वरील हिशोब अत्यंत उपयुक्त आहे, परंतु आमच्या भागात निर्णय वेगळ्या कारणाने झाला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात शेतीला लागून जंगल आहे आणि वाघांचा वावर नेहमीचा आहे. कृषिपंपाची वीज आठवड्याआड दिवसा आणि रात्री अशा पाळीने मिळायची, तेव्हा रात्रीच्या पाळीत बांधी (धानाचे वावर) भरायला घरातील माणूस बांधावर गेला की तो परत येईपर्यंत मी आणि सासूबाई जाग्याच असायचो. सौरपंप बसवल्यापासून पाणी देण्याचे काम उजेडात होते. आता ते मी स्वतःही करते, पूर्वी हे शक्य नव्हते. उन्हाळी धानाला पाणी भरपूर लागते आणि पंप कमी पडतो, म्हणून आम्ही उन्हाळी धानाचे क्षेत्र कमी करून त्या जागी भाजीपाला घेतला. उत्पन्नाचा विचार करणाऱ्यांनी हा बदलही हिशोबात धरावा. मात्र दिवसा वीज ही सुरक्षिततेची बाब आहे आणि ती कोणत्याही मार्गाने मिळो, शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

संत्राबाग, वरूड

ताईंचे म्हणणे मनापासून पटते. तरीही एकच उपाय सगळ्या विदर्भाला लावण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण आमच्या जमिनीखाली आहे. वरूड आणि मोर्शी तालुक्यांत भूजलाचा उपसा इतका झाला आहे की बोअर ८०० फुटांच्या खाली न्यावे लागतात. ८०० फूट म्हणजे २४० मीटरहून अधिक. ७० मीटर हेडचा सौरपंप तिथे काय करणार? संत्र्याची झाडे एकदा वाळली की नवी बाग फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात. अशा शेतकऱ्याला ‘सौरपंप घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अर्जाला उत्तर न देणे होय.

धोरणाबद्दल मला अधिक तीव्रतेने बोलावेसे वाटते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याचा खासगी प्रकल्प ३३०० मेगावॉटचा आहे. कोराडी आणि खापरखेडा नागपूरच्या वेशीवर आहेत. कोळसा आमच्या जमिनीतून निघतो, राख आमच्या नद्यांकाठी साचते आणि वीज राज्यभर जाते. त्याच विदर्भातील शेतकरी डिमांड भरून खांब आणि तारेची वाट पाहतो, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. सौरपंपाच्या किमतीत साधारण ३० टक्के केंद्राचा आणि ६० टक्के राज्याचा वाटा असतो, म्हणजे तोही जनतेचाच पैसा आहे. तो खर्च करताना शेतकऱ्याला त्याच्या पाण्याच्या खोलीप्रमाणे निवड करू द्यावी. आमचे आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, विधानसभेत त्यांनी एवढी एक मागणी सातत्याने मांडावी. त्यासोबत हेही सांगतो की आमच्या भागात नुसती वीज देऊन भागणार नाही. वीज फुकट आणि पाणी खोल, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बोअर आणखी खाली जातात, म्हणून पुनर्भरणाच्या कामांनाही तेवढाच पैसा मिळायला हवा.

निवृत्त विद्युत अभियंता, यवतमाळ

चर्चेत एक तिसरा मार्ग राहून गेला आहे. सौरऊर्जा प्रत्येक वावरात वेगळी बसवण्याऐवजी उपकेंद्राजवळ बसवून पूर्ण कृषी फीडर (उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी) त्यावर चालवता येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तेव्हा राळेगणसिद्धीसोबत आमच्या जिल्ह्यातील कोळंबी येथे पहिले प्रायोगिक प्रकल्प घेण्यात आले. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. यात शेतकऱ्याची मोटार, तार आणि डीपी (रोहित्र) तीच राहते, फक्त वीज दिवसा मिळते.

मला हा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने अधिक किफायतशीर वाटतो. एकट्या पंपासाठी बसवलेली पॅनेल वर्षातील निम्मे दिवस बंद राहिली, तर वर दिलेल्या २० युनिटच्या हिशोबाने साडेतीन हजारांहून अधिक युनिट वीज दरवर्षी कोणाच्याच कामी येत नाही. फीडरवरील प्रकल्पात पंप बंद असताना तीच वीज इतर ग्राहकांकडे जाते. ज्यांनी सौरपंप घेतला आहे त्यांच्यासाठी सार्वत्रिक कंट्रोलर उपलब्ध आहे, ज्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते. नव्या अर्जदारांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

तथापि फीडरच्या मार्गातही प्रश्न आहेत. जमीन भाडेपट्ट्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, ही तरतूद खडकाळ जमिनीच्या मालकाला चांगली आहे. पण अनेक ठिकाणी गावाचे गायरान घेतले जाते, आणि ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, फक्त चार शेळ्या आणि दोन गाई आहेत, त्यांना या व्यवहारातून काहीच मिळत नाही. ग्रामसभेत हा विषय येईल तेव्हा चराईसाठी किती जागा उरणार, हे लेखी घेतल्याशिवाय संमती देऊ नये. शिवाय, दिवसा पूर्ण दाबाने वीज मिळाली तरी शेवटच्या खांबावर व्होल्टेज पडत असेल तर मोटारी जळतच राहतील. जुन्या तारा आणि अपुऱ्या क्षमतेच्या डीपी बदलण्याचे काम सोबतच झाले पाहिजे, आणि त्या कामाकडे होत असलेले दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकते.

आर्वीचा कास्तकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी विहीर उथळ आहे, मुख्य पीक चना आहे आणि जोडणीची तारीख कोणीही सांगायला तयार नाही, त्यामुळे सौरपंपासाठी अर्ज करण्याचे ठरवले आहे. गव्हाचे क्षेत्र एका एकरापुरते ठेवीन. संत्राबाग काकांची निवडीच्या हक्काची मागणी मात्र मला पूर्ण मान्य आहे आणि आमच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडण्याचा प्रयत्न करतो. पंपजोडणीवाल्या भाऊंना एकच विचारायचे आहे, ५० मीटर हेडचाच पंप मिळावा यासाठी नेमके कोणत्या टप्प्यावर बोलावे?

पंपजोडणी, पुलगाव

संयुक्त स्थळ पाहणीच्या वेळी, भाऊ. पाहणी हिवाळ्यात झाली तर विहिरीत पाणी वर दिसेल आणि नोंद १५ फुटांची होईल. म्हणून एप्रिलमधील ३८ फुटांची पातळी, २० फुटांचा चढ आणि तुषार संच वापरणार असल्याची बाब पाहणीच्या कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. पुरवठादार निवडताना पंपाच्या पाटीवर हेड किती असेल हे विचारा. साहित्य वावरात उतरले की ती पाटी आणि पॅनेलचे क्रमांक तपासूनच सही करा. पंप बसल्यावर भर दुपारी तुषार संच जोडून चाचणी घ्या. शेवटच्या नोझलवर प्रेशर गेज लावून दाब पाहा, आणि तो दोन किलोच्या खाली असेल तर काम पूर्ण झाल्याची सही करू नका.