गोगलगाईच्या ऊतीतून शुद्ध डीएनए कसा मिळवावा?

प्रश्न: गोगलगाईच्या पायाची ऊती प्रोटिनेझ के (प्रथिने तोडणारे विकर) घालून रात्रभर ठेवली, तरी इथेनॉल टाकताच नळीत शेंबडासारखा चिकट गोळा येतो, २६०/२३० गुणोत्तर (२६० व २३० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणावरून काढलेले शुद्धतेचे माप) ०.६ च्या वर जात नाही आणि पीसीआरही (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) होत नाही. काय करावे?

उत्तर: तो गोळा बहुतेक श्लेष्मातील पॉलिसॅकराइडांचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) असावा. २ टक्के सीटॅब (CTAB, साबणासारखे एक रसायन) व १.४ मोलर मीठ असलेले बफर ६० अंशांवर वापरावे. इतक्या मिठात डीएनए विरघळलेला राहतो आणि सीटॅबने बांधलेली पॉलिसॅकराइडे क्लोरोफॉर्मने बाजूला काढता येतात. ऊती २० मिलिग्रॅमच घ्यावी, इथे हाव नडते.

दुसरे उत्तर: तोवर आहे तोच डीएनए दहापट विरल करून पीसीआर लावावा, म्हणजे पीसीआर अडवणारी अशुद्धीही विरल होते.

प्रश्नकर्ती: विरल केल्यावर जेलवर पीसीआरची पट्टी आली, फिकट का होईना. सीटॅब उद्या करून पाहते.