मदत हवी आहे: डायनोवर ४ एचपी वाढली म्हणतात, पण शीटचा हिशोब लागत नाहीये

मंडळी, गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, ब्रोशरप्रमाणे ताकद ८३ पीएस आणि टॉर्क (फिरवायचा जोर) ११३ एनएम. मागच्या शनिवारी पुण्यातच एका ट्यूनरकडे (नाव नको) रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) करून घेतला, सोबत एअर फिल्टर. त्यांच्याकडेच डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) आहे त्यामुळे म्हटलं आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही रन काढून द्या, म्हणजे बायकोला दाखवायला काहीतरी कागद तरी राहील. सकाळी आधीचा रन ६९.८ बीएचपी, दुपारी दीड-दोनला नंतरचा ७४.१. पोरं एकदम खूश, मीपण खूश. घरी आल्यावर शीट नीट बघितली आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

एक तर मुळात ८३ ची गाडी सत्तरला टेकत नाही म्हणजे इंजिन गेलं का माझं? ५२ हजारच पळालीय. आणि दुसरं म्हणजे टॉर्क. शीटवर टॉर्क ३९२ एनएम लिहिलाय! तिथला पोरगा म्हणाला व्हीलवर एवढाच येतो सर. फॉर्च्युनरचा टॉर्क स्विफ्टला कुठून आला? कोणीतरी हे मशीन नक्की मोजतं काय ते सांगा, सोप्या भाषेत, मी कॉमर्सवाला आहे.

अर्धवट_इंजिनियर:
इंजिन काही गेलेलं नाही, निवांत झोप. ८३ हा आकडा इंजिन गाडीच्या बाहेर काढून बेंचवर बसवून काढलेला असतो, क्रँकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरचा. तू मोजलास तो चाकावरचा, मधे गियरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर सगळे आपापला वाटा खातात. फ्रंट व्हील ड्राइव्हला दहा-पंधरा टक्के जातातच. शिवाय पीएस आणि बीएचपी ही मापं किंचित वेगळी, ८३ पीएस म्हणजे बीएचपीत साधारण ८२. त्यातून ६९.८ म्हणजे १५ टक्के गेले, अगदी रीतसर.

आता मशीन. तुझ्या ट्यूनरकडे बहुतेक इनर्शिया डायनो असणार, म्हणजे जमिनीत एक जाडजूड लोखंडी ड्रम आणि त्यावर पुढची चाकं. तो घोडे-बिडे काही मोजत नाही. दळायचं जड जातं डोळ्यासमोर आण. रिकामं जातं कोणी किती सेकंदात गरागरा फिरवलं ते बघितलं की फिरवणाऱ्याच्या दंडात किती जोर आहे ते कळतं ना, कारण जात्याचं वजन आधीच माहितीय. तसंच हे. ड्रमचा जडपणा कंपनीने मोजून सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला असतो, ड्रम दर क्षणाला किती वेग पकडतोय तेवढं सेन्सर बघतो, बाकी सगळी आकडेमोड. दुसऱ्या प्रकारात ड्रमला चुंबकी ब्रेक असतो, काही बस-ट्रकना घाट उतरायला रिटार्डर असतो ना तोच प्रकार, आणि त्या ब्रेकचा दांडा एका लोड सेलवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर, दाबतो. दांड्याची लांबी गुणिले काट्यावरचा भार म्हणजे टॉर्क, थेट. १८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनियरने लाकडी ठोकळे आवळून हेच केलं होतं.

घाटातला_गियर:
३९२ चं उत्तर ग्राफमध्येच आहे. खालच्या आडव्या रेषेवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) लिहिलंय का किमी प्रति तास?

धागाकर्ता:
किमी/तास! ४० पासून सुरू होतंय.

घाटातला_गियर:
मग झालं. त्यांनी आरपीएमची क्लिप लावलीच नाही. डायनोला ड्रमचा वेग कळतो, इंजिनचा नाही, तो इग्निशन कॉइलला क्लिप लावून किंवा ओबीडीतून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर टॉर्क चाकावरचाच छापून येतो, आणि चौथ्या गियरमध्ये गियरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह मिळून तो साधारण चारपट होतो. ३९२ भागिले ४ म्हणजे ९८. ११३ मधून लॉस वजा केला की एवढाच उरतो. पोरगा खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. पॉवरचं मात्र तसं होत नाही, गियरने टॉर्क चौपट झाला की फेरे पाव होतात, गुणाकार तोच. आरपीएम हातात असेल तर स्वतः ताळा करता येतो: बीएचपीला ७१२१ ने गुणायचं, आरपीएमने भागायचं, एनएम आले पाहिजेत. ६००० ला ६९.८ असेल तर ८३ एनएमच्या आसपास. नाही जुळलं तर शीट फाडून टाक.

पान्याचं_काम:
टॉर्क राहू दे, ४ एचपीचं बघा आधी. दोन्ही शीटच्या कोपऱ्यात करेक्शन काय लिहिलंय?

धागाकर्ता:
सकाळच्या शीटवर एसएई १.०६. दुपारच्या शीटवर एसटीडी १.१०. एसटीडी म्हटल्यावर मला पिवळा पीसीओ बूथच आठवला.

पान्याचं_काम:
हे घ्या, पकडला चोर. पुणे ५६० मीटरवर, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, दुपारी गरम म्हणून अजून पातळ, टर्बो नसलेलं इंजिन तेवढं कमी श्वास घेतं. म्हणून मोजलेल्या आकड्याला फॅक्टरने गुणून ठरलेल्या हवेवर आणतात. एसएई आणि एसटीडी ही अशा ठरलेल्या हवेची दोन वेगळी प्रमाणं. एसएईची ठरलेली हवा २५ डिग्रीची, एसटीडीची साडेपंधराची आणि दाबही जास्त, त्यामुळे तीच गाडी एसटीडीत तीन-चार टक्के जोरदार दिसते. आता दोन्ही आकडे आपापल्या फॅक्टरने भाग. ६५.८ आणि ६७.४. फरक दीडचा. दुपारचा उकाडा धरून फार तर दोन म्हण. आणि दोनचा फरक गाडी ड्रमवर बांधायचे पट्टे कमीजास्त आवळले, टायरमध्ये हवा कमी असली, बॉनेटसमोरचा पंखा हलवला तरी पडतो. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, सेटिंग आधीच्या गाडीचं राहिलं असेल. पण रीमॅपवाला आणि परीक्षक एकच म्हटल्यावर शीट उलटसुलट करून बघावी.

परत जा, दोन्ही रन एसएईवर छापून माग, सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिक आहे, रन परत काढायची गरज नाही. मग चौथ्याच गियरमध्ये, क्लिप लावून, लागोपाठ तीन रन. शक्य असेल तर जुना मॅप टाकून परत तीन.

धागाकर्ता:
आज जाऊन आलो. तोंड वाकडं केलं पण काढून दिले. एसएईवर ७१.२, ७२.१, ७१.५. टॉर्क ९९. जुना मॅप टाकायचे वेगळे पैसे लागतील म्हणाले, ते राहू दिलं. म्हणजे १८ हजारांत दीड-दोन एचपी. बायकोला ७४.१ वालीच शीट दाखवलीय, धागा तिला कोणी पाठवू नका.