सुधारणा की क्रांती? वादविवादासाठी मुद्दे हवेत

पेठेतला_गडी
येत्या शनिवारी कोल्हापुरात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद आहे. विषय : देशाला लोकशाहीकडे टप्प्याटप्प्यानं सुधारणा नेते की क्रांती? आमच्या वाट्याला क्रांती आलीय, वेळ सहा मिनिटं. इंग्लंड-फ्रान्सवर सगळेच बोलणार, म्हणून वेगळी उदाहरणं हवीत. आणि समोरचे शाहू महाराजांचं नाव काढणार हे नक्की. तिथं काय बोलायचं?

बिंदू_चौक
स्पेन आणि पोर्तुगाल जोडीनं घ्या. शेजारी देश, दोन्हीकडं कित्येक दशकांची हुकूमशाही, सुटका जवळपास एकाच वेळी.

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी एका दिवसात राजवट पाडली. तुमच्या कामाचं त्याच्या पुढं आहे. वर्षभरात निवडणूक घेतो म्हणाले आणि बरोबर २५ एप्रिल १९७५ ला घटना समितीसाठी मतदान घेतलं, तेही ९१ टक्क्यांवर गेलं. मधला काळ सोपा नव्हता: १९७६ पर्यंत सहा हंगामी सरकारं झाली, नोव्हेंबर १९७५ मध्ये डाव्या सैनिकांचं बंड मोडावं लागलं, आणि लष्करी क्रांती परिषद १९८२ पर्यंत घटनेत ठाण मांडून होती.

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये वारला. वर्षभरानं त्याच्याच संसदेनं ४२५ विरुद्ध ५९ मतांनी स्वतःला मोडीत काढणारा कायदा मंजूर केला. जून १९७७ मध्ये निवडणूक, डिसेंबर १९७८ मध्ये घटना. समोरचे इथवर सांगून थांबतील. तुम्ही १९७७ चा माफीचा कायदा काढा: जुन्या राजवटीतल्या अत्याचारांचे खटलेच उभे राहिले नाहीत.

गावभाग
महाराजांच्या नावाला टाळ्या पडणारच, त्यामुळं विरोध करायला जाऊ नका. दोन गोष्टी वेगळ्या करून मांडा. २६ जुलै १९०२ चा मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागांचा जाहीरनामा, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ ला कुलकर्णी वतनं (गावच्या हिशेबनिसाचा वंशपरंपरागत हक्क) बरखास्त: यातलं काहीही लोकांनी निवडलेल्या सभेतनं आलं नाही, सगळं हुकुमानं आलं. समाज हलला, पण सत्ता दरबारातच राहिली. म्हणून तर १९३९ मध्ये माधवराव बागलांना प्रजा परिषद उभी करून जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर देणारं सरकार, मागावी लागली. शेवटी १ मार्च १९४९ ला संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झालं.

एक सांगतो, उलटवार येईल: त्या शाळा नसत्या तर हक्क मागणारी पिढी कुठनं आली असती? याला तोड नाही. मान्य करा आणि पुढं सरका. औंध संस्थानचा विषय मात्र आपण होऊन काढू नका. तिथं त्याच १९३९ मध्ये राजानं स्वतःच घटना देऊन कारभार प्रजेकडं सोपवला होता, ते आयतं त्यांच्या पदरात पडेल.

चिवट_वाचक
वेग किती हा प्रश्नच दुय्यम आहे राव. दिलेला हक्क देणाऱ्याला परत घेता येतो का, ते बघा.

पोलंडचा हिशोब पाठ करा. १९८८ च्या कामगारांच्या संपांनी कम्युनिस्ट सरकार बोलणीला बसलं. १९८९ च्या समझोत्यात कनिष्ठ सभागृहाच्या ६५ टक्के जागा सत्ताधारी आघाडीला राखीव, ३५ टक्के खुल्या, सिनेटच्या १०० च्या १०० खुल्या. जूनच्या दोन फेऱ्यांत सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेनं खुल्या १६१ पैकी १६१ आणि सिनेटच्या ९९ घेतल्या. मग सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्षच फुटले आणि सप्टेंबरात बिगरकम्युनिस्ट पंतप्रधानाचं सरकार बसलं. कागदावर ही सुधारणा. पण मागं संपाचा रेटा नसता तर ते ३५ टक्केही मिळाले नसते.

चिलीत उलटं. १९८८ चा जनमताचा कौल लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या विरोधात गेला, पण घटना त्याचीच राहिली. नेमलेले सिनेटर होतेच, आणि तो स्वतः १९९८ पर्यंत लष्करप्रमुख. नेमलेल्या जागा काढायच्या घटनादुरुस्तीला २००५ उजाडलं.

पेठेतला_गडी
लई भारी. पण त्यांनी रशिया, इजिप्त काढलं तर?

चिवट_वाचक
काढतीलच. रशियाची घटना समिती जानेवारी १९१८ मध्ये एकदाच बसली आणि बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, तिला टाळं लावलं. इजिप्तमध्ये २०११ ला हुकूमशहा मुबारक सत्तेवरनं गेला, लष्कर जागेवरच राहिलं. २०१३ मध्ये त्यांनी निवडून आलेला अध्यक्ष उचलला. दोन्हीकडं बंदूक मतपेटीच्या ताब्यात आली नाही. पोर्तुगालमध्ये ती आली, उशिरा का होईना.

गावभाग
आणि भारत विसरू नका. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मत मालमत्तेवर नाहीतर शिक्षणावर मिळायचं. १९५१-५२ ला एका झटक्यात १७ कोटींवर मतदार. हक्क क्रांतीचा, यंत्रणा मात्र जुनीच, कलेक्टर-मामलेदारांची. निरक्षरांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चिन्ह. तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतनं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच लिहून दिलं होतं. हे उदाहरण दोन्ही बाजूंना चालतं, तेव्हा तुम्हीच आधी वापरा.

बिंदू_चौक
सहा मिनिटांत एवढं बसणार नाही. चिली गाळा, पोर्तुगालला दोन मिनिटं द्या, पोलंडचे आकडे चिठ्ठीवर लिहून न्या.