वाळवंटातला मासा तगतो, मग आमच्या तळ्यातला का मेला?

अथणीकडचा शेतकरी
नमस्कार मंडळी. गेल्या साली आमच्या रानातल्या मातीच्या तळ्यात कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली होती. एप्रिलअखेरीला पाणी कमरेएवढं राहिलं. एका पहाटे मोटार सुरू करायला गेलो, तर सगळे मासे वर तोंड काढून आ वासायलेत. दिवस उगवेपर्यंत पांढरी पोटं तरंगत होती. आई काठावरून उठेचना, चहालाही आली नाही. चार-दोन मांगूर तेवढे चिखलात जित्ते. काल धाकट्यानं अमेरिकेच्या वाळवंटातले निळे मासे दाखवले, कढत पाण्यात फिरताना. त्यांना कसं जमतं वो?

निपाणीचा मास्तर
दादा, वाईट वाटलं वाचून. घात खरा पहाटेनं केला. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं, त्यामुळं उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. त्यात तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी मुरतो. २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅम, तर ३३ अंशाला जेमतेम ७. मांगूर वर येऊन हवा घेतो, त्याला कल्ल्यांपाशी त्यासाठी वेगळा अवयव आहे.

तो निळा मासा पपफिश. नेवाडातल्या डेव्हिल्स होल या खोल कपारीत पाणी बारमाही ३३-३४ अंश, प्राणवायू २-३ मिलिग्रॅमच. मी वर्गात अंगठ्याचं पेर दाखवून सांगायचो, पुरा वाढलेला मासा एवढाच! पोटाखालच्या परांची जोडीही नसते. प्रयोगशाळेत ३३ अंशात ठेवलेले पपफिश तर प्राणवायू घेणंच अधूनमधून थांबवतात, कधी दोन-दोन तास. तेवढ्या वेळात अंगात अल्कोहोल बनतं. पण या रीतीनं अन्नातली ताकद फार थोडी हाती लागते. त्यामुळं मजेत फिरतात असं म्हणवत नाही मला. २०१३ च्या वसंतात त्या कपारीतले मासे मोजले तेव्हा अवघे ३५ भरले होते.

खानापूरवाली
आमच्याकडं मृगाच्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून भातात येतात. आफ्रिकेतल्या किलिफिशना मात्र चढून यायला ओढाच नाही. डबकं आटतं, मोठे मासे मरतात, अंडी वाळल्या मातीत थांबून राहतात. पाऊस पडला की पिल्लं बाहेर. एका जातीची तर दोन आठवड्यांत वयात येतात. एमएस्सीला हे शिकले त्या दिवशी घरी आल्या आल्या आजीला सांगितलं होतं.

अथणीकडचा शेतकरी
मास्तर, ३५ वर कसे काय आले? पाणी आटलं काय?

निपाणीचा मास्तर
त्या वेळच्या घटीचं कारण छातीठोक सांगता येणार नाही. पण पाण्याचं भांडण जुनं आहे. तिथं पाण्याखाली एक उथळ दगडी कट्टा आहे, खाणं आणि अंडी घालणं सगळं त्याच्यावर. शेजारच्या रानातल्या बोअरच्या उपशानं पाणी उतरलं, कट्टा उघडा पडायला लागला. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं उपशावरची मर्यादा कायम ठेवली, या पेराएवढ्या माशासाठी!

तुम्ही एवढं करा. उन्हाळ्यात बोटुकली विरळ ठेवा, खाद्य कमी करा आणि रात्री तीनपासून मोटारीचं पाणी उंचावरून तळ्यात पाडा. पडताना ते हवा घेऊन येतं.

अथणीकडचा शेतकरी
आमच्याकडं थ्री फेज विजेची पाळी रात्रीचीच असते, तेव्हा जमेल. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, यंदा निम्मीच सोडू.